गुडघ्याचं दुखणं

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू आवाज दाबून बोलत होतीस आणि मागे टीव्ही मोठ्याने लावला होतास, म्हणजे पप्पा घरातच होते. "काका, पप्पांना मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं तर पेन्शन बंद होईल का?" याला मी 'नाही' म्हणालो आणि फोन ठेवला. तेवढ्याने तुझं भागणार नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो. आईलाही वाचून दाखव.

ही भीती पप्पांनी मनाने रचलेली नाही. फौजेच्या नोकरीत जवानाची तब्येत 'शेप' (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात. पहिलं 'एस' म्हणजे मन, मग कान, हातपाय, शरीर आणि डोळे. सगळं ठीक असेल तर शेप-वन. 'एस'मध्ये माणूस खाली आला की कॅटेगरी लागली, म्हणजे पूर्ण फिट नसल्याचा शिक्का. मग कोर्स, बढती, हत्याराची ड्यूटी, सगळीकडे अडकतं. शिवाय अशा पेशंटबरोबर युनिटकडून एएफएमएसएफ-१० हा फॉर्म भरून येतो. माणूस युनिटमध्ये कसा वागतो, त्याचा तो अहवाल. म्हणजे गोष्ट गुपित राहत नाही. मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो, सायक म्हणजे मानसोपचाराच्या वॉर्डात दोन वर्षं काढली. भरती होणाऱ्याचा पट्टा आणि बुटाच्या नाड्या काढून घ्यायचो आणि वहीत लिहायचो, पट्टा एक, नाड्या जोडी एक. एका नाईकाने वही वाकून वाचली आणि विचारलं, "उस्ताद, हे गावी कळवता का?" त्याला आजाराचं काही पडलं नव्हतं, गावाचं पडलं होतं.

पप्पा तीच भीती पेटीत घालून घरी घेऊन आलेत. पण शेप-बिप सगळं रिटायरमेंटला संपलं. त्यांची पेन्शन नोकरीच्या वर्षांची आहे, तिला डॉक्टरांच्या चिठ्ठीने हात लागत नाही. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा पेशंटची माहिती गुप्त ठेवायला सांगतो. गावात बोभाटा झालाच, तर तो दवाखान्यापेक्षा भावकीतून होण्याची शक्यता जास्त.

आता इलाजाचं. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, १ एप्रिल २००३ ला सुरू झाली आणि तेव्हापासून पेन्शनवर येणाऱ्याला तिचं सभासद व्हावंच लागतं. पप्पा हवालदार म्हणून आले, त्यांचे ३०,००० रुपये रिटायर होतानाच भरलेत. त्यात हृदय, किडनी, मोतीबिंदू येतं तसं मनाचं दुखणंही येतं. पप्पांचं येतं, आईचं येतं आणि तुला नोकरी लागेपर्यंत किंवा तुझं लग्न होईपर्यंत तुझंही येतं. मुलांना २५ ची मर्यादा आहे, मुलींना वयाची नाही. हे मुद्दाम लिहितोय. रात्री दोनला पप्पा उठून दाराच्या कड्या तपासतात, तेव्हा तू आणि आई दोघी जाग्या असता. आईचं डोकं वर्षभर दुखतंय म्हणालीस. तिचंही कार्ड आहे, तिलाही दाखव.

कार्डावरून आठवलं. आईचं नाव सर्व्हिस रेकॉर्डमध्ये एक आणि आधारवर दुसरं, असं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डमधल्या बदलाचा फौजी आदेश), रेकॉर्ड ऑफिस, ॲफिडेव्हिट यात महिने जातात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात याची वाट दाखवतात. बायकांचे इलाज आजारापेक्षा नावातल्या एका अक्षराने जास्त अडलेले मी पाहिलेत.

पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्यात, आधी मेडिकल ऑफिसर बघतात. ते रेफरल, म्हणजे पुढे पाठवायची चिठ्ठी, देतात, मग मिलिटरी हॉस्पिटल किंवा ईसीएचएसच्या पॅनेलवरचं खासगी हॉस्पिटल. रेफरल न घेता परस्पर गेलात तर बिल खिशातून जाईल. पण रात्री-अपरात्री जिवावरचा प्रसंग आला तर रेफरल बघत बसू नकोस. जवळचं हॉस्पिटल गाठ आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळव. ते पॅनेलवर नसेल तर पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर मागायचे, म्हणून प्रत्येक पावती जप. गोळ्या संपायच्या चार-पाच दिवस आधी जायचं, कारण यातलं एखादं औषध हमखास 'एनए', म्हणजे शिल्लक नाही, असं होतं. या गोळ्या मध्येच तोडायच्या नसतात. पप्पा मिलिटरी कॅन्टीनच्या कोट्यातली रम झोपेसाठी घेतात, हे डॉक्टरांना तू सांग, ते स्वतः सांगणार नाहीत. झोपेची गोळी आणि रम एकत्र गेली तर जिवाला धोका आहे.

एक उणीव आधीच सांगतो, म्हणजे नंतर माझ्यावर चिडणार नाहीस. या व्यवस्थेत गोळी मिळते, पण शांतपणे बसून बोलणारा माणूस सहज मिळत नाही. त्यासाठी १४४१६ फिरव. हे टेली-मानस, मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास आणि मराठीतही. फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या एएफएमसीत (फौजेच्या मेडिकल कॉलेजात) त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये उघडला. पहिला फोन तू स्वतःसाठी कर. पप्पांचं नाव काढायचीही गरज नाही.

आता खरं अवघड काम, त्यांना उंबऱ्याबाहेर काढायचं. नऊ वर्षं पॉलिक्लिनिकच्या खिडकीत बसलो. एक हवालदार दर महिन्याला यायचे, "गुडघा दुखतोय." मलम घेऊन जायचे. मागे त्यांची बायको पदर तोंडाशी धरून उभी असायची. एकदा त्या पुढे आल्या आणि भाजीच्या पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला कोयता काढून खिडकीत ठेवला. "हा रोज उशाखाली असतोय ह्यांच्या." आणि मी काय केलं? भरल्या रांगेत मोठ्याने म्हणालो, "मग सायकॅट्रीचा कागद काढायला पाहिजे, तिकडच्या टेबलावर जा." हवालदारांनी कोयता उचलला, पिशवीत टाकला आणि निघून गेले. परत आले नाहीत, गुडघ्यासाठीसुद्धा नाही. डॉक्टरांच्या खोलीचं दार माझ्यापासून चार पावलांवर होतं.

म्हणून तू 'मन' हा शब्दच काढू नकोस. 'झोप' म्हण. झोप लागत नाही हे खरंच आहे आणि ते मान्य करायला त्यांना कमीपणा वाटणार नाही. डॉक्टर झोपेवरून पुढे बरोबर जातील. आणि पप्पांच्या कंपनीचे सुभेदार साहेब अजून आहेत ना? त्यांना फोन करायला सांग. लेकीचं ऐकणार नाहीत, साहेबांचं 'चला' ऐकून बूट घालतील.

दादाचं वेगळं आहे. तो अग्निवीर, म्हणजे चार वर्षांच्या भरतीतला जवान. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के ठेवतात, त्यामुळे तो काहीच बोलणार नाही, आणि त्याला मी दोष देत नाही. पण बाहेर पडणाऱ्याला ना पेन्शन, ना ईसीएचएस. जो काही फुकट इलाज आहे तो वर्दी अंगावर असेपर्यंतच. शिवाय नोकरीत जडलेलं दुखणं नोकरीतच नोंदलं नाही तर पुढे सिद्ध करताना दमछाक होते. भरतीच्या वेळी ज्या रोगाची नोंद नव्हती तो सेवेतच आला असं धरून चालावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली फिट येणाऱ्या एका जवानाच्या खटल्यात म्हटलं होतं. तरी अशा लढाया लोक फौजेच्या ट्रिब्युनलपुढे (न्यायाधिकरणापुढे) वर्षानुवर्षं लढतायत. सुट्टीवर आला की माझ्याकडे पाठव, मी बोलतो.

पॉलिक्लिनिकला सोमवारी येऊ नका, पेन्शनरांची झुंबड असते. बुधवारी साडेआठला या. पप्पांचं आणि आईचं कार्ड, डिस्चार्ज बुक, पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स, आणि सध्या ते गुडघ्यासाठी म्हणून जे काही घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. मी रिटायर झालो असलो तरी बाहेरच्या बाकावर बसायला मला कुणी हटकत नाही. माझ्या शेजारची जागा पप्पांसाठी धरून ठेवतो. तुम्ही दोघी कॅन्टीनमध्ये चहा घ्या.

तुझा,
काका