शेपरवर पट्टी हातातून खेचली जाते, काय चुकतंय?

प्रश्न: बरीच वर्षं राउटर टेबलवर काम केलं, आता शेपर (टेबलातून वर आलेल्या दांड्यावर कटर फिरवून लाकडाच्या कडेला आकार देणारं मशीन) घेतलाय. परवा एका पट्टीला गोलाई काढत होतो तर पट्टी एकदम हातातून पुढे खेचली गेली आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आपटली. लागलं नाही, पण आता मशीन चालू करायचीच धास्ती वाटते. हातमोजे घातले तर चालेल का? आणि छोटे तुकडे कसे करायचे?

उत्तर: हात शाबूत आहेत हे वाचून आधी जीव भांड्यात पडला. आता पट्टी मागे तुमच्या अंगावर न येता पुढे पळाली म्हणताय, त्यावरून मला तरी वाटतं की कटर ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने तुम्ही लाकूड सरकवलंत. राउटर टेबलवर बिट एकाच दिशेने फिरतो म्हणून उजवीकडून डावीकडे सरकवायची हाताला सवय होते, पण बऱ्याच शेपरना उलटं फिरवायचं बटण असतं, ते चुकून दाबलेलं राहिलं की सवयीचा हातच दगा देतो. त्यामुळे कटर बसवला की प्लग काढलेला असतानाच स्पिंडल, म्हणजे कटर बसतो तो उभा दांडा, बटण ज्या दिशेला आहे त्याच दिशेने हाताने फिरवून बघा, दाताची धार येणाऱ्या लाकडाला सामोरी गेली पाहिजे, आणि दात फेन्सला (लाकूड टेकवून सरकवायची उभी कड) किंवा गार्डला कुठे घासत नाही ना तेही तेव्हाच कळतं. मी हे आजही दरवेळी करतो.

दुसरं म्हणजे स्पीड. १२० मिमीचा कटर ६,००० आरपीएमवर फिरला तर दाताच्या टोकाचा वेग सेकंदाला साधारण ३८ मीटर होतो, तोच १०,००० वर नेलात तर ६३ मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर! कटर जितका मोठा तितका स्पीड कमी, आणि कटरवर जास्तीत जास्त आरपीएम कोरलेला असतो त्याच्या वर जायचंच नाही.

हातमोजे अजिबात नको. बोट नुसतं घासलं तर कदाचित कापण्यावर निभावेल, पण मोज्याचं कापड दातात अडकलं की अख्खा हात आत ओढला जातो. सैल बाही, अंगठी, सगळं तसंच.

छोट्या तुकड्यांचं जरा सविस्तर सांगतो कारण माझा स्वतःचा हात यातच थोडक्यात वाचलाय. वीसेक सेंटीमीटरचा तुकडा होता, एकच तर आहे म्हणून तसाच पुश स्टिकने ढकलला, फेन्सच्या मधली फट मोठी होती, तुकड्याचं टोक त्या फटीत घुसलं आणि पुढच्या क्षणी हातात पुश स्टिकचा फक्त दांडा उरला होता. बोटं तिथून चार अंगुळं लांब असतील. तेव्हापासून ३० सेंटीमीटरपेक्षा लहान तुकडा मी असा लावत नाही, आधी मोठ्या फळीच्या कडेला आकार काढतो आणि मग हवा तेवढा तुकडा कापून घेतो. नाहीच जमलं तर स्लेडवर, म्हणजे तुकडा बसवून सरकवायच्या पाटीवर, क्लॅम्पने घट्ट आवळून. फेन्सला पण पुढून लाकडाची पट्टी लावून ती फट कटरपुरतीच ठेवा.

फेदरबोर्ड, म्हणजे कंगव्यासारख्या दात्यांनी लाकूड दाबून धरणाऱ्या पट्ट्या, दोन लावा, एक वरून दाबणारा आणि एक बाजूने, म्हणजे लाकूड धरायचं काम त्यांच्याकडे जातं आणि तुम्ही फक्त पुढे सरकवायचं. पूर्ण आकार एका पासमध्ये काढू नका, दोन-तीन पास घ्या, गाठ असलेली पट्टी सरळ बाजूला ठेवा. आणि जमेल तिथे कटर लाकडाच्या खाली राहील असं सेटिंग करा, लाकूड चुकून उचललं गेलं तर कटरपासून लांब जातं आणि कटर झाकलेलाही राहतो. कटर वर असेल तर तेच उचललेलं लाकूड कटरमध्ये घुसतं.

धास्ती आहे तोवर कटर न लावता, मशीन बंद ठेवून तीच पट्टी फेदरबोर्डमधून आठ-दहा वेळा सरकवून बघा. शेवटचा वीतभर भाग ढकलताना डावा हात कुठे जातो तेवढं नीट पाहा, कटरच्या जागेसमोर येत असेल तर तिथे हाताऐवजी पुश ब्लॉक घ्या.