छोट्या युनिटसाठी कामगार घेताना मुलाखतीत काय विचारावं? माणूस टिकेल का हे कसं ओळखावं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपंय. काही विचारू नका, मशीनवर बसवा. यावरून आमच्या घरात अजून भांडण चालू आहे म्हणून जरा लांबण लावते.

आमचं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेच्या गणवेशांचं शिलाई युनिट आहे. हिशोब मी बघते, पण तेव्हा मुलाखती धाकटे दीर घ्यायचे. टेबल, पेन, समोर खुर्ची आणि कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेले प्रश्न. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता? अहो, कॉलर शिवायला आलेल्या माणसाला हे विचारून काय मिळणार? आणि बाई आली की लग्न झालंय का, पोरं किती, घरी कोण सांभाळणार, हे ठरलेलंच.

तर मार्चमधे एकाच दिवशी दोघं आले. सीझन तोंडावर, जूनमधे शाळा उघडायच्या आत माल पोचवायचा. एक पोरगा, पुण्यात काम करून आलेला, बोलायला एकदम फाकडू. दुसरी विडी घरकुल वसाहतीतली बाई, आधी विड्या वळायची, मग घरी शिलाई घ्यायची. घरात तेलगू, त्यामुळं मराठीत उत्तर द्यायला अडखळत होती (सोलापुरात राहून याचं नवल वाटावं म्हणजे कमाल आहे). दिरांनी कागदावर फुली मारली, म्हणे कम्युनिकेशन नाही. म्हटलं भावजी, तिला कम्युनिकेशन कुणाशी करायचंय, जुकी मशीनशी?

मी दोघांना उठवून मशीनवर नेलं, प्रत्येकी अर्धा डझन कॉलर दिल्या. पोराचा हात जोरात चालत होता, टाकाही सरळ, खोटं कशाला बोलू. पण कॉलर उलटवताना कात्रीचं टोक आत घालून कोपरा ढकलला आणि दोन कोपरे फाटले. बाईनं आधी कातरणावर चार टाके मारले, बोट फिरवून बघितलं, खालचा दोरा वर येत होता तर बॉबिन केसचा स्क्रू जरासा आवळला आणि मगच कॉलर हातात घेतली. कोपरा शिवतानाच त्यात दोऱ्याचा तुकडा अडकवायची, उलटवताना तो दोरा ओढायची, टोक एकदम धारदार बाहेर. कात्रीला हातसुद्धा लावला नाही. हे तुम्ही कुठला प्रश्न विचारून काढणार होता?

दीर तरी म्हणतच होते की पोरगा घ्या, बाई लग्नसराईत दांड्या मारेल. शेवटी दोघांना घेतलं. पोरगा ऐन मेमधे उचल घेऊन गेला तो गेलाच. बाई अजून आहे, कॉलरचं सगळं काम तीच बघते. गड्ड्याच्या जत्रेत येत नाही, लग्नसराईत दांड्याही मारते, तेवढं दिरांचं खरं निघालं. पण आधी सांगून जाते आणि बऱ्याचदा बदली माणूस देऊन जाते.

आता टिकेल का ते. मला ओळखता येत नाही आणि ज्यांना येतं म्हणतात त्यांनाही येत नाही असं माझं मत आहे. डझनाचा रेट पहिल्याच दिवशी सांगा, शाळा सुरू झाल्यावर काम कमी होतं तेव्हा काय देणार तेही सांगा, पगार ठरल्या वारी द्या. नवीन माणसाला मोठी उचल देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

हां, एक राहिलं. चाचणीत शिवून घेतलेल्या मालाचे पैसे द्यायचे, फुकट शिवून घेणारे आहेत इथं, त्यांचं नाव सगळ्या कामगारांत खराब होतं. हिशोबनीस किंवा ऑर्डर आणणारा माणूस घेत असाल तर मात्र माझं वरचं सगळं सोडून द्या, तिथं बोलणं बघावंच लागतं. आणि तुमची बारा-पंधरा माणसं होणार असतील तर दहा झाल्यावर ईएसआय म्हणजे कामगार विमा लागतो (21,000 पर्यंत पगार असलेल्यांना), वीसला पीएफ. ते सीएला विचारून घ्या.

लग्न-पोरांचे प्रश्न विचारून बायकांना गाळायचं असेल तर भरतीत बाई-पुरुष भेद करायचा नाही हे 1976 च्या समान वेतन कायद्यातच होतं, आता 2019 च्या वेतन संहितेत आहे, हे मी दिरांना छापून दाखवलं. त्यांनी वाचलं नाही. ते अजून म्हणतात, तो पोरगा चांगल्या घरचा आहे, उचल फेडायला येईल. येऊ दे की, मशीन रिकामीच आहे.