सर, आम्ही कुठं हरलो?

प्रश्न : माझा धाकटा अमेरिकेत साउथ बेंडला नोटर डेम विद्यापीठात शिकतो. डिसेंबरात एका रविवारी रात्री उशिरा त्याचा फोन आला. आवाज इतका पडलेला, की मला वाटलं पोरगं आजारी पडलं. म्हणाला, "आई, आमची फुटबॉलची टीम प्लेऑफमधून बाहेर काढली." बारापैकी दहा सामने जिंकलेली टीम, त्यातले शेवटचे दहा लागोपाठ. आदल्या यादीत आत होती, मधल्या दिवसांत एकही सामना खेळली नाही, तरी बाहेर गेली म्हणे. हे ठरवतं कोण आणि कशावरून? आपल्याकडं आयपीएलचा गुणतक्ता बघून शेंबडं पोरगंही सांगतं कोण वर जाणार. तिथं तसं का नाही?
— एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा तिथल्या खेळासाठी आणि एकदा माझ्यासाठी. माझ्यासाठी का, ते पुढं येईलच.

आयपीएलमध्ये दहा संघ असतात आणि सगळे एकाच तक्त्यात बसतात. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या वरच्या स्तरावर 2025 च्या हंगामात 136 संघ होते आणि मुख्य हंगामात प्रत्येकाला सामने मिळतात बारा. हे आपलं पायानं खेळायचं फुटबॉल नव्हे, चेंडू हातात घेऊन अंगावर आदळण्याचा खेळ, त्यामुळं आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना खेळवता येत नाही. म्हणजे बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. त्यात हे संघ वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये वाटलेले, आपल्याकडं शालेय स्पर्धांना विभाग असतात तसे. एका विभागात सगळे तगडे, दुसऱ्यात दोनच बरे. मग एकाचे दहा विजय आणि दुसऱ्याचे दहा विजय एकाच तराजूत घालता येतात का? नाही येत. प्लेऑफला कोण जाणार हे ठरवणारी समिती आली ती या अडचणीतून, आणि समिती असावी की नसावी यावर माझा वाद नाही.

समितीत साधारण तेरा जण असतात. विद्यापीठांचे क्रीडा संचालक, जुने प्रशिक्षक, जुने खेळाडू असे. टेक्सासमध्ये डॅलसजवळ ग्रेपव्हाइन नावाच्या गावी एका हॉटेलात ते बसतात. नोव्हेंबर लागला की दर मंगळवारी पहिल्या 25 संघांची यादी जाहीर होते आणि डिसेंबरातल्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी शेवटची. पद्धत बरीच बारकाईची आहे. आधी प्रत्येकानं तीस संघ लिहून द्यायचे. तिघांच्या तरी यादीत असेल तोच संघ विचारात राहतो. मग त्यातले थोडे-थोडे संघ काढून त्यांना क्रमांक द्यायचे, वरचे पक्के करायचे, उरलेले पुढच्या फेरीत ओढायचे, असं पंचवीसपर्यंत. ज्या सदस्याचं एखाद्या संघाशी नातं आहे, म्हणजे तिथं नोकरी आहे किंवा पोरगं तिथं खेळतं, त्यानं त्या संघाच्या मतदानाला खोलीबाहेर जायचं. हा नियम मला फार आवडतो. आपल्याकडच्या निवड चाचण्यांना तो लागू झाला तर किती खुर्च्या रिकाम्या होतील, विचार करा.

बघायचं काय, तेही लिहिलेलं आहे : प्रतिस्पर्धी किती तगडे होते, आपसातल्या सामन्यात कोण जिंकलं, दोघांनाही समान असलेल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध काय झालं, कॉन्फरन्सचं अजिंक्यपद आहे का. इथवर सगळं झालेल्या खेळावर चाललंय. पण त्याच नियमांत आणखी एक ओळ होती. महत्त्वाचा खेळाडू नसल्यामुळं पुढच्या सामन्यांवर परिणाम होण्याची शक्यता असेल, तर समितीनं तेही धरावं. माझं भांडण या ओळीशी आहे.

2023 साली फ्लोरिडा स्टेटचा संघ तेराच्या तेरा सामने जिंकला, बारा मुख्य हंगामातले आणि तेरावा कॉन्फरन्सचा अंतिम सामना. म्हणजे आपल्या कॉन्फरन्सचा विजेताही ठरला. तेव्हा प्लेऑफला चारच संघ जायचे. नोव्हेंबरात त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय जायबंदी झाला. क्वार्टरबॅक म्हणजे संघाची प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो. त्याच्याशिवायही संघ उरलेले सामने जिंकला. समितीनं त्यांना पाचवं ठेवलं आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथं. एकही सामना न हरलेला मोठ्या कॉन्फरन्सचा विजेता बाहेर राहण्याची प्लेऑफ सुरू झाल्यापासूनची ती पहिली वेळ. कारण दिलं, की तो पोरगा नसताना संघ आधीसारखा राहिला नाही.

आता माझी गोष्ट. मी एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली आणि कबड्डीला पंच म्हणून उभा राहिलो. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या शालेय स्पर्धेत साखळी संपली आणि परतीचा पाऊस आला. काळ्या मातीचं मैदान. सकाळी फक्कीनं आखलेल्या रेषा दुपारी वाहून गेल्या आणि चालताना बुटाला शेर-शेर चिखल चिकटायला लागला. अंतिम सामना होणं शक्य नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक संघ जिल्ह्याला निघायला हवा होता. दोन गटांतले दोन्ही विजेते न हरलेले. एक तालुक्याच्या शहरातल्या शाळेचा, दुसरा गोदाकाठच्या एका छोट्या वस्तीवरच्या शाळेचा. वस्तीच्या संघाचा मुख्य चढाईपटू शेवटच्या साखळी सामन्यात पकडीत खाली आला आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तरी उरलेल्या सहा जणांनी तो सामना चार गुणांनी काढला.

आम्ही चौघे पंच स्टाफरूममध्ये बसलो. टेबलावर गुणांची वही होती. वहीत पाहिलं असतं तर वस्तीच्या पोरांच्या गटात आदल्या वर्षीचा विजेता संघ होता आणि त्याला त्यांनी हरवलं होतं. आम्ही वही उघडली, पण बोललो दुसरंच. "जिल्ह्याला गेल्यावर टिकणार कोण? तो पोरगा नाही म्हटल्यावर यांच्यात काय राहिलं?" चिठ्ठ्या टाकल्या. चारही शहराच्या बाजूनं निघाल्या, त्यातली एक माझी.

बाहेर व्हरांड्यात पत्र्याखाली पोरं उभी होती. त्या चढाईपटूचा हात त्याच्या वडलांच्या उपरण्याच्या झोळीत. मी निकाल सांगितला. तो रडला नाही. त्यानं विचारलं, "सर, आम्ही कुठं हरलो?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही. शहराचा संघ जिल्ह्याला उपांत्य फेरीपर्यंत गेला. तेव्हा सहकारी मला म्हणाले, बघा, निवड बरोबर होती. मला ते कधी पटलं नाही. फ्लोरिडा स्टेट नंतर ऑरेंज बोल सामन्यात (बोल म्हणजे हंगामाअखेर निमंत्रणावर होणारा सामना) जॉर्जियाकडून 63-3 असा हरला, तेव्हाही लोक असंच बोलले. पण त्या सामन्याला त्यांचे कितीतरी मुख्य खेळाडू उतरलेच नव्हते. आणि उतरले असते नि हरले असते, तरी काय? डिसेंबरात समितीपुढं जो हिशोब होता त्यात पराभव एकही नव्हता. खेळाडू गेला म्हणून संघ कच्चा झाला, हे समितीनं मनात धरलं. ते मैदानावर ठरायला हवं होतं. याच प्लेऑफच्या पहिल्या वर्षी, 2014 मध्ये, ओहायो स्टेट आपल्या तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला घेऊन खेळला. दोघे जायबंदी झालेले. तरी संघ आत आला आणि कार्डेल जोन्स या पोरानं त्यांना विजेतेपद मिळवून दिलं.

आता तुमच्या मुलाच्या संघाकडं येतो. त्याला वाईट वाटेल, पण खरं सांगायला हवं. 2025 च्या हंगामात बारा जागांसाठी शेवटी गाडी मायामी आणि नोटर डेम यांच्यावर अडली. दोघांचे दहा विजय, दोन पराभव. आणि हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात, 31 ऑगस्टला, मायामीनं नोटर डेमला 27-24 असं हरवलेलं. दोघं समोरासमोर खेळलेत, निकाल लागलाय, बाकी सगळं सारखं आहे, तर मायामीच आत जायला हवी. यात मला तिळमात्र शंका नाही.

पण तुमचा मुलगा चिडला तेही खरं आहे. हा निकाल ऑगस्टपासून सगळ्यांना माहीत होता. तरी समितीनं नोव्हेंबरभर नोटर डेमला मायामीच्या वर ठेवलं. 2 डिसेंबरच्या यादीत नोटर डेम दहावं, ब्रिगम यंग विद्यापीठ अकरावं आणि मायामी बारावं होतं. त्या शनिवारी आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ब्रिगम यंग टेक्सास टेककडून 34-7 असं हरलं आणि खाली गेलं. नोटर डेम आणि मायामी घरीच बसलेले. रविवारी मायामी दहावी, नोटर डेम अकरावं. बारांतल्या काही जागा कॉन्फरन्स विजेत्यांसाठी पक्क्या होत्या, म्हणून अकरावं असूनही बाहेर. समितीच्या प्रमुखांचं स्पष्टीकरण असं, की मधला संघ हलल्यावर हे दोघे शेजारी आले, म्हणून आपसातला सामना बघितला. म्हणजे मधे कुणी बसलं असेल तर तो सामना दिसत नाही? ऑगस्टात जो सामना झाला तो पहिल्या मंगळवारपासूनच धरायला हवा होता. धरला असता तर तुमच्या मुलानं पाच आठवडे नसलेली आशा धरली नसती. निर्णय बरोबर, पण त्याला यायला उशीर झाला, आणि त्या उशिरानं पोरांचा विश्वास गेला. नोटर डेमनं त्यानंतर दुसऱ्या कुठल्या बोल सामन्याला जायचंही नाकारलं.

मायामी पुढं थेट अंतिम सामन्यापर्यंत गेली, इंडियानाकडून 27-21 अशी हरली. मी ते पुरावा म्हणून वापरणार नाही. वर शहराच्या संघाबद्दल जे म्हणालो तेच इथंही.

मुलाला आणखी एक सांगा. तेरापैकी कुणी कोणाला किती क्रमांक दिला, हे बाहेर येत नाही. तिथल्या पोरांनी आवाज उठवायचा तर यासाठी उठवावा. आमच्या चार चिठ्ठ्या मी त्याच रात्री चुलीत घातल्या होत्या. त्या फलकावर लावायच्या असत्या, तर माझी चिठ्ठी मी वेगळी लिहिली असती.

प्रश्न : माणसांऐवजी संगणकानं क्रमवारी लावली तर पक्षपात संपणार नाही का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : हा प्रयोग होऊन गेलाय. 1998 ते 2013 च्या हंगामांपर्यंत तिथं मतदानातल्या क्रमवाऱ्या आणि संगणकाची गणितं एकत्र करून दोनच संघ अंतिम सामन्याला निवडायचे. 2003 मध्ये मतदानाच्या दोन्ही क्रमवाऱ्यांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ गणितात मागं पडला आणि बाहेर राहिला. शेवटी विजेतेपदाचे दावेदार दोन झाले. गणितात काय घालायचं, विजयाच्या फरकाला किती वजन द्यायचं, हे माणूसच ठरवतो. फरकाला वजन दिलं की हरलेल्या संघाला तुडवण्याची चटक लागते. मला संगणक चालेल, पण त्याचं सूत्र हंगामाच्या आधी छापून प्रत्येक संघाच्या हातात द्यावं.

प्रश्न : प्लेऑफमध्ये पहिल्या फेरीत पुढे चाल कोणाला मिळते?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पहिल्या चार मानांकित संघांना. 2024 मध्ये संघ चाराचे बारा झाले, तेव्हा पुढे चाल फक्त कॉन्फरन्स विजेत्यांनाच होती. त्यामुळं क्रमवारीत नववा असलेला बॉइसी स्टेट तिसरा मानांकित झाला आणि बारावा असलेला ॲरिझोना स्टेट चौथा, तर चौथ्या क्रमांकाच्या पेन स्टेटला सहावं मानांकन घेऊन पहिली फेरी खेळावी लागली. पुढे चाल मिळालेले चारही संघ त्या वर्षी आपला पहिलाच सामना हरले. 2025 पासून क्रमवारी तेच मानांकन. त्या 2025 च्या हंगामात सर्वांत वरच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांची जागा मात्र पक्की होती, म्हणून चोविसाव्या क्रमांकाचा जेम्स मॅडिसन आत आला आणि अकरावं नोटर डेम बाहेर राहिलं.