इम्प्लांटची दाढ खरंच ‘कायमची’ असते का?

तुम्ही विचारलंय: वडील ६१ वर्षांचे, धुळ्याला असतात, खालची एक दाढ काढून दीड वर्ष झालं, शुगर आहे, तंबाखू चालू आहे. डॉक्टर म्हणतात इम्प्लांट करा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर नवी दाढ, कायमचं काम होईल. खरंच होईल, की शेजारच्या दातांच्या आधाराने बसवतात तो ब्रिज बरा?

भाऊ, मी डॉक्टर नाही. अमळनेरचा आहे, तीन वर्षांपासून तोंडात एक इम्प्लांट आहे, त्या अनुभवावर सांगतो.

हाडात बसवतात तो टायटॅनियमचा स्क्रू खरंच टिकू शकतो. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेले स्क्रू तो माणूस २००६ मध्ये वारला तोवर कामात होते. हाड या धातूला धरून वाढतं, म्हणून हे जमतं. वरची कॅप मात्र झिजते, तुटते, कधीतरी बदलावी लागते. शिवाय स्क्रूला कीड लागत नसली तरी भोवतीची हिरडी आपलीच. ती सुजून पू झाला की हाड झिजतं आणि पक्का बसलेला स्क्रूही हलायला लागतो.

त्यामुळे तुमच्याकडे अडचण वयाची नाही, तंबाखूची आहे. वडील चुना-तंबाखूची गोळी रोज त्याच गालात धरणार असतील तर पैसे घालू नका, असं मी स्पष्ट सांगेन. सुपारी किंवा गुटखाही असेल तर घरीच बघा, वडिलांची तीन बोटं उभी तोंडात जातात का. तोंड उघडत नसेल तर मागच्या दाढेपर्यंत मशीन पोचणार कसं? शुगरचं म्हणाल तर माझ्या मोठ्या भावाला डॉक्टरांनी ‘आधी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७ च्या आसपास आणा’ म्हणून परत पाठवलं होतं. चार महिन्यांनी गेला, काम झालं. रक्त पातळ करायची किंवा हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं चालू असतील तर तीही आधीच सांगा. मनाने बंद करू नका.

आता माझी चूक. रूट कॅनल केलं, पण पैसे वाचवायला कॅप बसवली नाही. फुटाणे खाताना दाढ उभी चिरली. काढून टाकली आणि ‘मागची आहे, कोणाला दिसते’ म्हणत दोन वर्षं घालवली. तेवढ्यात तिथलं हाड झिजलं, वरची दाढ रिकाम्या जागेत खाली उतरू लागली. मग हाडाची पावडर भरावी लागली, खर्च वाढला तो वेगळा. तुमचंही दीड वर्ष झालंय, म्हणून आधी सीबीसीटी नावाचा थ्रीडी स्कॅन करा. पैशांचं बोलणं त्यानंतर.

ब्रिज वाईट नाही. पण त्यासाठी शेजारचे दोन दात घासून बारीक करतात. त्यांना आधीच कॅप असतील तर मीही ब्रिजच केला असता. धडधाकट असतील तर हात लावू देणार नाही.

दुखण्याची भीती असेल तर ती सोडा. जागा बधिर करतात. अंगणात बोअर मारताना जशी थरथर होते तशी डोक्यात होते, एवढंच. दोन दिवस गाल सुजला, भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. पुढे हाड धरायला चार महिने थांबलो, मग कॅप. घाई करणाऱ्यापासून जरा जपूनच.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आपल्या दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, त्यामुळे डाळीतला खडा लगेच कळतो. इम्प्लांटला तो नाही. मी जोरात चावत राहिलो आणि कॅप ढिली झाली. स्क्रूने बसवलेली होती म्हणून दहा मिनिटांत आवळून मिळाली. सिमेंटने चिकटवलेली काढायला जास्त खटपट लागते. तेव्हा कॅप कशी बसवणार ते आधीच विचारा.

आणि इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या, कंपनी अन् साइज लिहिलेलं. ट्रॅक्टरच्या पार्टसारखंच आहे हे, मेक माहीत नसेल तर दहा वर्षांनी नट जुळत नाही.