भारतात हाडाचा कॅन्सर किती जणांना होतो, उपचार काय असतात आणि माणूस वाचतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, भाच्याच्या गुडघ्यावर गाठ आहे, डॉक्टर बायप्सी (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं) करा म्हणतात, पण घरचे म्हणतात आधी महिनाभर मालिश करून बघू. हे वाचून हातातलं काम टाकून लिहायला बसले.

मालिश आजच बंद करा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

माझा मुलगा तेव्हा नववीत होता, खो-खो खेळायचा. गुडघा दुखतो म्हणायला लागला, तर माझे थोरले दीर त्याला हाडवैद्याकडे घेऊन गेले. आमच्या घरात भाऊजींचा शब्द शेवटचा. अडीच महिने रोज संध्याकाळी तेल कोमट करून पाय चोळायचा आणि पट्टी बांधायची. चोळणारी मीच. गुडघ्याच्या वर हाताला एक टणक फुगवटा लागायचा, दर आठवड्याला जरा मोठा. भाऊजींना सांगितलं, तर म्हणाले, सूज उतरायला वेळ लागतो. खेळून दुखणारा पाय झोपल्यावर दुखायचा थांबतो. हा पाय मात्र पोराला झोपेतून उठवायचा. शेवटी शाळेची पॅन्ट एका मांडीत अडकायला लागली, तेव्हा कुणाला न विचारता मी त्याला एसटीनं साताऱ्याला नेलं आणि एक्स-रे काढला.

ऑस्टिओसार्कोमा. मुलांमध्ये हाडाचा हाच कॅन्सर सगळ्यात जास्त दिसतो. बहुतेकदा दहा ते वीस या वयात, उंची झपाट्यानं वाढत असताना, आणि गुडघ्याच्या आसपास. तरी एकूण कॅन्सरमध्ये हाडाचे शंभरात एखादाच. देशाचा नेमका आकडा विचाराल, तर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची कॅन्सर नोंदणी १९८१ पासून सुरू आहे, पण अजून देशाच्या थोड्याच भागात पोचली आहे. म्हणून जे आकडे दिसतात ते अंदाजच समजा.

भाऊजींचं पुढचं म्हणणं, सुई लावली की कॅन्सर पसरतो. साफ खोटं! खरी गोष्ट वेगळी आहे. बायप्सीची सुई जिथून जाते तो भागही पुढच्या ऑपरेशनात काढावा लागतो. म्हणून ऑपरेशन जिथे होणार, तिथेच बायप्सी करायची. भलत्या जागी चीर दिली, तर वाचण्यासारखा पायही जाऊ शकतो. गावाजवळच्या एका सर्जननं 'उघडून गाठ काढून टाकू' म्हटलं होतं. आम्ही तिथून उठलो आणि परळला टाटाला गेलो.

आधी केमो, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. केमोतलं एक औषध लालभडक असतं, लघवीही लाल होते. पहिल्यांदा बघून मी घाबरले होते. ऑपरेशनात मांडीच्या हाडाचा खालचा भाग गुडघ्यासकट काढून धातूचा सांधा बसवला. काढलेल्या गाठीत किती पेशी मेल्या ते तपासतात. ९० टक्क्यांच्या वर असेल तर केमो चांगली लागू पडली म्हणायची. त्याच्या रिपोर्टात ९४ होतं. तो कागद मी देवघरात ठेवलाय.

केमो नव्हती तेव्हा, म्हणजे १९७० च्या आधी, पाय कापूनही पाचातली चार मुलं जायची, फुप्फुसात पसरून. आता आजार एकाच जागी असताना सापडला आणि उपचार पूर्ण केले, तर शंभरात साठ-सत्तर मुलं पाच वर्षं पार करतात. फुप्फुसात पोचल्यावर हे प्रमाण निम्म्याहून खाली येतं. आणि मध्येच उपचार सोडणारी कुटुंबं मी वॉर्डात डोळ्यांनी बघितली आहेत. तसं करू नका.

माझा मुलगा आज चोवीस वर्षांचा आहे, नोकरी करतो. मांडी घालून बसता येत नाही, म्हणून त्याचं ताट टेबलावर.

मी डॉक्टर नाही, आणि प्रत्येक गाठ कॅन्सर नसते, हेही सांगते. त्या अडीच महिन्यांनी नेमकं किती नुकसान झालं ते सांगता येणार नाही, असं डॉक्टरच म्हणाले होते. भाऊजी तेवढंच वाक्य धरून बसलेत. दर दिवाळीला म्हणतात, पोरगं बरं झालं ना, मग कशाला उकरून काढतेस? त्या फुगवट्यावर तेल माझ्या हातांनी चोळलंय, म्हणून काढते.

निघताना एक्स-रेची फिल्म, आधार आणि रेशनकार्ड बरोबर घ्या. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेसाठी लागतात.