अमेरिकन मेडिकल बिलिंगसाठी पन्नास राज्यांचे नियम पाठ करावे लागतात का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत राज्याराज्याचे बिलिंगचे नियम वेगळे, मग नव्या माणसाने ते लक्षात ठेवायचे कसे? ठेवूच नका. आधी पेशंटचा विमा प्लॅन कुठल्या प्रकारचा आहे ते बघा, राज्य नंतर. एआरमध्ये (अडकलेले पैसे विमा कंपनीकडून वसूल करण्याच्या कामात) अकरा वर्षं काढून सांगतेय, आणि ज्या क्लेमवर, म्हणजे विमा कंपनीकडे पाठवायच्या बिलावर, हे शिकले त्याचा राग अजून गेलेला नाही.

टेक्सासच्या एका ऑर्थोपेडिक क्लिनिकचं काम आमच्याकडे होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनचा एक क्लेम ऑथोरायझेशन नंबरसाठी (विमा कंपनीच्या मंजुरीचा नंबर) अडकला होता. आमच्या टीम लीडनी प्रत्येकाच्या मॉनिटरशेजारी राज्यांचा तक्ता चिकटवून घेतला होता, त्यात टेक्सासपुढे क्लेम पाठवायची मुदत, उपचारापासून ९५ दिवस. ८४व्या दिवशी मी त्यांना मेल केला: सर, क्लेम आत्ता पाठवते, नंबर नाही म्हणून डिनायल (नकार) आलं तर अपील करू. उत्तर आलं, 'टेक्सास आहे, ९५ दिवस आहेत, थांब.' नंबर आला ९२व्या दिवशी, क्लेम त्याच रात्री गेला. तीन आठवड्यांनी सीओ-२९ हा नकाराचा कोड आला. टाइमली फायलिंग, म्हणजे क्लेम पाठवायची मुदत, संपलेली.

मी तावातावाने विमा कंपनीला कॉल लावला आणि त्यांच्या रेपला (प्रतिनिधीला) टेक्सासचा कायदा ऐकवला. ती शांतपणे म्हणाली, प्लॅन सेल्फ-फंडेड आहे, तो कायदा इथे लागत नाही, तुमच्या करारात ९० दिवस आहेत. फोन ठेवून पेशंटच्या कार्डाचं स्कॅन उघडलं. काळपट, तिरकं आलेलं. राज्याच्या विमा खात्याखाली येणाऱ्या प्लॅनच्या कार्डावर टेक्सासमध्ये 'टीडीआय' किंवा 'डीओआय' अशी अक्षरं छापलेली असतात. झूम करून चारही कोपरे पाहिले. नव्हती. म्हणजे उत्तर पहिल्या दिवसापासून आमच्याच फाइलमध्ये पडून होतं.

सेल्फ-फंडेडमध्ये क्लेमचे पैसे मालक कंपनी स्वतःच्या खिशातून भरते, विमा कंपनी फक्त कारभार बघते. त्याला १९७४चा एरिसा हा केंद्राचा कायदा लागतो. तिथे राज्याची मुदत चालत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक क्लीन (त्रुटी नसलेल्या) क्लेमचे पैसे ३० दिवसांत द्या हा टेक्सासचा नियमही चालत नाही. कार्डावर नाव मात्र त्याच मोठ्या विमा कंपनीचं असतं, म्हणून माणूस फसतो.

डिनायल सीओचं (करारामुळे क्लिनिकनेच सोसायचं), म्हणजे पेशंटकडे एक डॉलरही मागता येत नाही. सगळी रक्कम राइट-ऑफ, म्हणजे बुडीत. महिनाअखेरीस क्वालिटी शीटमध्ये चूक माझ्या नावावर. मी मेल दाखवला तर सर म्हणाले, 'कार्ड तू बघायला हवं होतंस.' हवंच होतं, मान्य. पण तक्ता कुणी चिकटवला होता?

राज्य खरोखर बघावं लागतं ते मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा), गाडीचे अपघात आणि वर्कर्स कॉम्पला (कामावरच्या दुखापतीचा विमा). न्यूयॉर्क मेडिकेडला ९० दिवस. कॅलिफोर्नियाच्या मेडी-कॅलला (तिथलं मेडिकेड) उपचाराच्या महिन्यानंतर सहा महिने, त्यापुढे क्लेम मरत नाही पण पैसे कापतात, आधी ७५ टक्के मिळतात, मग ५०. गाडीच्या अपघाताच्या विम्यात फ्लोरिडाच्या पीआयपीला ३५ दिवस, न्यूयॉर्कच्या नो-फॉल्टला ४५. वर्कर्स कॉम्पला कॅलिफोर्नियात सरकारी दरपत्रक आहे, न्यू जर्सीत नाहीच. मेडिकेअरला (मुख्यतः ज्येष्ठांचा केंद्राचा विमा) मात्र सगळीकडे उपचाराच्या तारखेपासून एक वर्ष. बॅलन्स बिलिंगसाठी (विम्याने न दिलेली बाकी पेशंटकडे मागणं) १ जानेवारी २०२२ पासून नो सर्प्राइजेस अ‍ॅक्ट आहे आणि तो सेल्फ-फंडेडलाही लागतो. रस्त्यावरची अ‍ॅम्ब्युलन्स त्यातून वगळलीय, तिथे परत राज्याचा कायदा शोधायचा.

हे आकडेसुद्धा माझ्या भरवशावर वापरू नका, पेअरचं (पैसे देणाऱ्या विमा कंपनीचं किंवा योजनेचं) मॅन्युअल आणि क्लिनिकचा करार उघडून बघा. प्रत्येक मुदतीला अपवाद असतात, पेशंटला मेडिकेड मागल्या तारखेपासून मिळालं तर हिशोब बदलतो. आणि सेल्फ-फंडेड म्हणजे एरिसाच असंही नाही, सरकारी नोकरांचे आणि चर्चचे प्लॅन साधारणपणे त्यात येत नाहीत.

कुणी म्हणालं 'अमुक राज्य आहे, इतके दिवस आहेत', तर तिथल्या तिथे विचारा, कुठल्या प्लॅनला? एका नंबरपायी क्लेम रोखून धरू नका. ऑथोरायझेशनचं डिनायल लढता येतं. टाइमलीचं लढायला वेळेत क्लेम पोचल्याचा २७७ रिपोर्ट लागतो, आणि न पाठवलेल्या क्लेमचा रिपोर्ट कुठून आणणार? लीड 'थांब' म्हणाले तर ते मेलवरच घ्या. मी घेतलं होतं. सहा महिन्यांनी क्लायंटच्या ऑडिटमध्ये तोच ८४व्या दिवसाचा मेल निघाला आणि शीटवरून माझी चूक काढली गेली. तक्तेही उतरले. मला कुणी काही बोललं मात्र नाही.