बोक्याच्या इन्सुलिनसाठी एसआयपी थांबवू का?

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या ९ वर्षांच्या बोक्याला मधुमेह निघाला आहे. डॉक्टरांनी पहिल्या महिन्याला १४,००० आणि पुढे दरमहा ४,५०० रुपये खर्च सांगितलाय. पगार हातात ४६,००० येतो, त्यातले ५,००० एसआयपीत (म्युच्युअल फंडातल्या दरमहाच्या गुंतवणुकीत) जातात, गाठीला दीड लाखाची एफडी आहे. एसआयपी थांबवू, एफडी मोडू की कार्डावर हप्ते पाडू?

ताई, कार्ड नकोच. हप्ता थकला की व्याज वर्षाला ३६ टक्क्यांच्या पुढे जातं, आणि हा खर्च एका महिन्यात संपणारा नाही.

पहिले १४,००० एफडीतून घ्या. पूर्ण एफडी मोडू नका; बँकेत थोडी रक्कम काढता येते का, किंवा एफडीवर ओव्हरड्राफ्ट (तिच्या तारणावर उचल) मिळतो का, ते विचारा. दरमहाचे ४,५०० मात्र पगारातूनच निघायला हवेत. त्यासाठी एसआयपी सहा महिने थांबवा, रद्द करू नका.

सहाच महिने का? मांजरांच्या मधुमेहात सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. साखर लवकर आटोक्यात आली तर स्वादुपिंडाच्या थकलेल्या पेशी सावरू शकतात आणि काही मांजरांचं इन्सुलिन चक्क सुटतं. म्हणून आत्ता हात आखडू नका. ‘निम्मा डोस देऊन बघू’ ही काटकसर मला अजिबात मान्य नाही.

वाचवायचं तर तपासणीत वाचवा. घरच्या ग्लुकोमीटरवर कानाच्या कडेचा थेंब घेऊन साखर बघायला डॉक्टरांकडून शिकून घ्या. दवाखान्यात मांजर घाबरतं, तेवढ्यानेही साखर चढते. घरचा आकडा स्वस्त आणि बऱ्याचदा जास्त खरा. कोरडं खाणं बंद करून कमी कर्बोदकांचं ओलं खाणं द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण खाणं बदललं की इन्सुलिनची गरज घटू शकते.

सिरिंजकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडे इन्सुलिन मिलिलिटरला ४० आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदींचं मिळतं आणि प्रत्येकाची सिरिंज वेगळी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीचपट जातो. साखर एकदम उतरून बोक्याच्या जिवावर बेतू शकतं, आणि रात्रीच्या इमर्जन्सीचं बिल वेगळंच.

पाळीव प्राण्यांचा विमा आता काढलात तरी आधीपासूनचा आजार म्हणून मधुमेह बहुधा वगळतील. आयकरात आरोग्य विम्यावर मिळणारी वजावटही प्राण्यांच्या उपचाराला मिळत नाही.

सहा महिन्यांनी इन्सुलिन सुटलं तर एसआयपी पूर्ववत ५,००० ची करा आणि एफडी भरून काढा. नाहीच सुटलं, तर ४,५०० हा पुढच्या कित्येक वर्षांचा घरखर्च समजा. तेव्हा एसआयपी २,००० वर आणा. उरलेले १,५०० कुठून काढायचे ते सांगायला मला तुमच्या महिन्याच्या खर्चाची यादी लागेल. ती आत्ताच लिहायला घ्या आणि मला पाठवा.